हरलेल्या युद्धाचा चित्रपट

१९६२च्या चीन युद्धात आपली पीछेहाट झाली आणि दोनच वर्षांत, जखम ओली असतानाच, चेतन आनंद यांनी लडाखमधल्या जवानांवर ‘हकीकत’ काढला. बलराज साहनी, धर्मेंद्र यांच्यासारखे नट त्यात आहेत, पण मनात घर करतं ते एक गाणं. डोंगरात थकूनभागून बसलेले जवान घरच्या माणसांच्या आठवणी काढतात. शब्द कैफी आझमींचे, चाल मदनमोहन यांची आणि आवाज चार: मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे, भूपिंदर. भूपिंदर तर पडद्यावरही दिसतात. दुःख ज्याचं त्याचं, सोसणं मात्र सगळ्यांचं मिळून. तोफांच्या धडाक्यापेक्षा मला तरी हेच जास्त हलवतं. चित्रपट कृष्णधवल आहे. तरी घरातल्या तरुण मुलांसोबत एकदा जरूर पाहा.