वेबसाइट नवी करू, पण जुना मजकूर सांभाळून

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या मांडणीचा संपादित मजकूर)



माझा विषय तांत्रिक वाटेल, पण तो फक्त संगणकवाल्यांचा नाही. विश्वस्त, खजिनदार, अंकाचं संपादन करणारे, सगळ्यांचा आहे.

लहान संस्थांच्या बैठकीत हा विषय साधारण एकाच पद्धतीने येतो. कोणीतरी म्हणतं, 'आपली वेबसाइट फार जुनाट दिसते, मोबाइलवर धड उघडत नाही, नवी करून घेऊ.' सगळे माना डोलावतात. तीन कोटेशनं येतात, त्यातलं स्वस्त मंजूर होतं. दोन महिन्यांनी नवी वेबसाइट झळकते. वर सरकणारे मोठे फोटो, खाली 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क'. सगळे खूश. मग सहा महिन्यांनी एखादी संशोधक विद्यार्थिनी विचारते, 'तुमच्याकडे तलाकच्या प्रश्नावरचा तो जुना लेख होता, तो कुठे गेला?' तेव्हा शोधाशोध सुरू होते. जुनं होस्टिंग बंद झालेलं असतं, बनवणाऱ्याचा फोन लागत नाही आणि पंधरा वर्षांचं लेखन हवेत विरलेलं असतं.

यात कोणाचा वाईट हेतू नसतो. वेबसाइट म्हणजे तिचं रूप, असं आपण धरून चालतो, म्हणून हे घडतं. भिंतीला रंग द्यायला माणूस बोलावला आणि त्याने कपाटातली कागदपत्रंही रद्दीत घातली, तर आपण त्याला जाब विचारू. वेबसाइटच्या बाबतीत विचारत नाही, कारण कपाट डोळ्यांना दिसत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही हे घडलं आहे. जिओसिटीज नावाच्या सेवेवर लाखो सामान्य माणसांनी स्वतःची पानं बनवली होती. याहूने ती सेवा विकत घेतली आणि २००९ साली अमेरिकेतलं जिओसिटीज बंद केलं. काही हौशी स्वयंसेवकांनी धावपळ करून जे वाचवता आलं ते वाचवलं. आपल्यासारख्या संस्थेसाठी अशी धावपळ करायला कोणी येणार नाही. आपलं आपणच वाचवायचं आहे.

आता कामाचा क्रम सांगतो. समजा, संस्थेकडे या कामासाठी २५,००० रुपये आहेत. तेवढ्यात हे होऊ शकतं, पण क्रम चुकला तर लाखातही होणार नाही.

पहिला प्रश्न मालकीचा. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या खात्यात आहे? पुष्कळ संस्थांमध्ये ते एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या खाजगी ईमेलवर घेतलेलं असतं. नूतनीकरणाची सूचना त्याच ईमेलवर जाते आणि तो ईमेल आता कोणी उघडत नाही. मुदत टळली, सवलतीचा काळही संपला, की ते नाव कोणीही विकत घेऊ शकतं. चांगल्या संस्थांच्या जुन्या नावावर पुढे जुगाराच्या जाहिराती दिसल्याची उदाहरणं कमी नाहीत. तेव्हा डिझाइनची चर्चा करण्याआधी डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या ईमेलवर आणा, पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख खजिनदाराच्या वहीत लिहा. याला खर्च जवळपास शून्य आहे.

दुसरं काम यादीचं. घर बदलताना आपण सामानाची यादी करतो, तशी पानांची यादी करा. साधी एक्सेलची शीट पुरे. प्रत्येक पानाचा पत्ता, शीर्षक, लेखक, तारीख, भाषा, सोबतची चित्रं आणि पीडीएफ. वेबसाइटवरच्या दुव्यांवरून फिरून ही यादी बनवणारी मोफत साधनं आहेत. मात्र ज्या पानाकडे जाणारा दुवाच कुठे उरलेला नाही, ते पान त्यांना सापडत नाही. म्हणून सर्व्हरवरच्या फाइलींची यादीही ताडून पाहा. जुने वार्षिक अहवाल आणि स्मरणिकांच्या पीडीएफ अशाच कोपऱ्यात पडलेल्या असतात.

तिसरं, बॅकअप. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. चित्रं आणि पीडीएफ फाइलींमध्ये, तर लेखांचा मजकूर डेटाबेसमध्ये. नुसत्या फाइली उतरवून घेतल्या तर लेख मागेच राहतात. दोन्ही घ्या. याशिवाय एचटीट्रॅक किंवा डब्ल्यूगेट या मोफत साधनांनी सगळी वेबसाइट वाचकाला दिसते तशी उतरवून घ्या. एकूण तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक कार्यालयाबाहेर. महत्त्वाची पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही मोफत जतन करता येतात. आणि बॅकअप घेतला म्हणून निश्चिंत होऊ नका, तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडत नसेल तर तो बॅकअप नाही.

डेटाबेस उतरवताना मराठीचा एक खास धोका आहे. अक्षरांची संकेतपद्धत नीट निवडली नाही, तर देवनागरीच्या जागी युरोपीय अक्षरांची खिचडी दिसते किंवा नुसती प्रश्नचिन्हं. खिचडी बहुतेकदा दुरुस्त करता येते. प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ अक्षर कायमचं गेलं. म्हणून नव्या जागी लेख हलवले की आधी पाच-दहा मराठी लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. हे काम कोड लिहिणाऱ्यावर सोडू नका, त्याला मराठी वाचता येत असेलच असं नाही.

चौथी गोष्ट आपल्यासारख्या जुन्या संस्थांना सगळ्यात जास्त लागू पडते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा आपला मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये आहे. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या दृष्टीने आत रोमन अक्षरंच असतात. फॉन्ट नसला की सगळं अगम्य होतं. गूगलला तो लेख मराठीत आहे हेच कळत नाही, त्यामुळे तो शोधात सापडत नाही. अंध वाचकाचं वाचनयंत्रही तो वाचू शकत नाही. म्हणजे लेख जागेवर असूनही हरवलेलाच आहे.

हे युनिकोडमध्ये आणणारी मोफत साधनं मिळतात. पण एक ध्यानात ठेवा. अशा अनेक फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा र आधी. त्यामुळे बदल करताना क्रम उलटावा लागतो आणि चुका तिथेच साचतात. 'कार्य', 'धर्म', 'स्त्रिया', 'शक्ति' असे शब्द आणि जोडाक्षरं आधी तपासा. माणसांची नावं आणि सालं मूळ छापील अंकाशी ताडून पाहा. इथे तरुण स्वयंसेवक आणि जुने वाचक यांची जोडी उत्तम काम करते. एकाला संगणक येतो, दुसऱ्याला संदर्भ माहीत असतो.

आपल्यापैकी काहींच्या वेबसाइटवर उर्दू पानंही आहेत. इनपेजमध्ये टाइप करून त्याचं चित्र चिकटवायची तेव्हाची पद्धत होती. ती चित्रं ठेवाच, पण जमेल तसा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. त्या पानाची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवायला सांगा. नस्तालिक अक्षरासाठी गूगलचा नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट मोफत आहे.

पाचवी गोष्ट पत्त्यांची. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली लिहिलेल्या एका टिपणाचा सारांश असा की, पानाचे पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. आपल्या लेखाचा पत्ता एखाद्या प्रबंधाच्या तळटीपेत असतो, विकिपीडियावर असतो, कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असतो. तो बदलला की हे सगळे दरवाजे एकदम बंद होतात. शक्य तिथे पत्ता तसाच ठेवा. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावर आलेला वाचक नव्या पत्त्यावर आपोआप पोचेल अशी कायमची सोय करा. तिला तीनशे एक रिडायरेक्ट म्हणतात. तीनशे दोन वापरलं तर हा बदल तात्पुरता आहे असा संदेश जातो. आपण केलेली यादी इथे कामी येते. एका रकान्यात जुना पत्ता, शेजारी नवा. काहीजण कंटाळा करून सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवतात. लेख मागणाऱ्याला मुखपृष्ठ दाखवणं म्हणजे ग्रंथालयात पुस्तक मागितल्यावर इमारतीचा फोटो हातात देणं. गूगलही अशा पानाला हरवलेलंच समजतं. पीडीएफचे पत्ते विसरू नका.

नवे पत्ते देवनागरीत ठेवावेत की रोमनमध्ये? देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी करून पाठवताना एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि पत्ता शेपटीसारखा लांबतो. छोटा रोमन पत्ता सोयीचा. शीर्षक अर्थातच मराठीतच ठेवा.

आता एक अपवाद. मजकूर हरवू नये याचा अर्थ सगळंच जाहीर ठेवावं असा नाही. जुन्या वृत्तान्तांत मदत मागायला आलेल्या बाईचं पूर्ण नाव, गाव, कधी नवऱ्याचं नाव, फोन नंबर असं सगळं छापलेलं असतं. छापील अंक तीनशे घरांत जात होता तेव्हा त्याचा परिणाम मर्यादित होता. आज तेच युनिकोडमध्ये आलं की तिच्या नातवालाही आजीचं नाव टाइप केल्यावर ते सापडेल. फॉन्ट बदलून आपण तो मजकूर शोधण्याजोगा करतो, म्हणून जबाबदारीही वाढते. अशा पानांची वेगळी यादी करा. जाहीर प्रतीतून ओळख काढा, मूळ प्रत संस्थेच्या दप्तरात बंद ठेवा. ज्या बाईशी संपर्क होऊ शकतो, तिला विचारा. हा निर्णय डिझायनरने घ्यायचा नाही, संपादक मंडळाने घ्यायचा.

आता पैसे. खास आपल्यासाठी नव्याने डिझाइन करून घेण्यापेक्षा वर्डप्रेसची एखादी साधी, मोफत, नियमित अद्ययावत होणारी थीम घ्या. सुरक्षेचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं, बहुतेक होस्टिंग कंपन्या ते देतात, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. मुक्त, एक मुक्त, नोटो असे देवनागरी फॉन्ट विनामूल्य आहेत. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद कोडमध्ये करायला सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात. मराठी आणि इंग्रजी लेख एकमेकांची भाषांतरं असतील तर त्यांना जोडणारी नोंदही करा. सरकते फोटो टाळा. खेड्यातला वाचक मर्यादित डेटावर आपला लेख उघडत असतो, त्याला मजकूर आधी दिसला पाहिजे.

एवढ्या पैशात सगळे जुने लेख नव्या रूपात बसवता आले नाहीत, तर त्यावरही उपाय आहे. जुना विभाग साध्या एचटीएमएल पानांत गोठवा आणि त्याच पत्त्यांवर तसाच ठेवा. रूप जुनं राहील, पण मजकूर राहील. साध्या पानामागे प्रोग्रॅम नसल्याने हॅक होण्याचा धोका फार कमी होतो आणि देखभालीचा खर्चही जवळपास राहत नाही. सवडीने दर महिन्याला दहा लेख नव्या रूपात आणा. वाचलेले पैसे युनिकोड तपासणाऱ्या मुलामुलींच्या मानधनावर खर्च करा. रंगापेक्षा तिथे पैसा सार्थकी लागेल.

बनवणाऱ्याशी लेखी करार करा, भले तो ओळखीचा असो. सगळा मजकूर आणि डेटा संस्थेचा, सर्व पासवर्ड संस्थेकडे, आणि शेवटचा हप्ता यादीतले सगळे जुने पत्ते उघडतात हे तपासल्यावरच. नवी वेबसाइट तयार होत असताना ती शोधयंत्रांपासून लपवलेली असते. जाहीर करताना ती खूण काढली का, हे विचारा. ती राहून गेली तर नवी वेबसाइट गूगलवर दिसतच नाही. आणि जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, निदान तीन महिने चालू ठेवा. राहून गेलेल्या गोष्टी याच काळात ध्यानात येतात.

आपल्या चळवळींकडे इमारती नाहीत, ठेवी नाहीत. जे आहे ते लिहिलेलं आहे. कोणी कोणत्या साली काय भूमिका घेतली, कोणाचा विरोध झाला, कोण सोबत उभं राहिलं, याचा पुरावा त्या जुन्या पानांत आहे. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही त्या वेळी गप्प होता, तर उत्तर म्हणून दाखवायला पान लागेल.

म्हणून इथून गेल्यावर या आठवड्यात तीनच गोष्टी करा. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते शोधा. एक पूर्ण बॅकअप घ्या आणि उघडून पाहा. पानांची यादी सुरू करा. रंगरूपाची चर्चा त्यानंतर.