सहीच्या आधी वाचा

मंडळी, आपल्या वर्गातल्या तिघाचौघांना रिक्षाचा, टेंपोचा परवाना काढायचा आहे. म्हणून आज त्याच्या कागदांविषयी बोलू.

घरची गाडी चालवायची आणि वय चाळिशीच्या आत असेल, तर आपल्या प्रकृतीची हमी आपणच लिहून द्यायची. तो नमुना १. वय ४० च्या वर गेले, तर डॉक्टरचा दाखला लागतो. तो नमुना १-अ. भाड्याची किंवा मालाची गाडी असेल, तर विशीतल्या पोरालाही दाखला हवाच.

हमीपत्रातले प्रश्न साधे आहेत. फेफरे येते का? एकाएकी शुद्ध हरपते का? रातांधळेपणा आहे का? तांबडा, हिरवा ओळखता येतो का? भोंगा ऐकू येतो का? हातापायात व्यंग आहे का? दिवसाउजेडी २५ मीटरांवरून मोटारीची नंबरपाटी वाचता येते का? २५ मीटर म्हणजे सुमारे ८२ फूट. वेशीपाशी गाडी उभी असली, की तीस-बत्तीस पावले मागे या अन् वाचून पाहा. चष्मा लावून वाचले तरी चालते. त्यात लाज कसली?

आता अर्ज संगणकावर भरतात. भरून देणारा पुष्कळदा काही विचारतच नाही. आजाराच्या प्रश्नांपुढे भराभर ‘नाही’ लिहितो अन् म्हणतो, “करा सही.” डॉक्टरही एखादा असा भेटतो, की माणसाकडे न बघता शिक्का मारतो. पेपर न तपासता पास करणारा मास्तर आणि हा डॉक्टर, आम्हाला दोघे सारखेच!

पूर्वी आपण मुकाट्याने अंगठा उठवत होतो. आता अक्षर येते. बोट ठेवून एकेक ओळ वाचा. मजकूर इंग्रजी असेल, तर मराठीत सांगायला लावा. फेफरे लपवून परवाना काढला आणि घाटात झटका आला, तर मागे बसलेल्या लेकुरवाळ्या बायांचे काय? शिवाय खोटे लिहून मिळवलेला परवाना रद्द होऊ शकतो.

दोष निघाला म्हणजे सारे बुडाले, असेही नाही. व्यंग असलेल्याला त्याच्या सोयीने बदललेल्या गाडीचा परवाना मिळू शकतो. रंग ओळखण्यात थोडाफार दोष असेल, तर २०२० सालापासून सवलत आहे. मोतीबिंदू काढता येतो. फेफऱ्यावर औषध आहे. ते आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, अर्जाचे मागाहून बघू.

हे प्रश्न आम्ही फळ्यावर मराठीत लिहिले आहेत. चला, पहिला कोण वाचतो?