बोअरवेलचे पाणी कसे तपासले?

बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी १९८३ पासून कालव्याने पादरा, जंबुसरमार्गे खंभातच्या आखातात जाते. काठच्या बोअरवेलचे पाणी तपासले, असे सांगतात. पण कसे? पाइपात साचलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते. धातूंच्या नमुन्यात जागेवरच नायट्रिक आम्ल घालावे लागते. नाहीतर शिसे बाटलीलाच आतून धरते आणि अहवालात आकडा उतरतो! शिशाची मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम, तिथे हयगय कशी चालेल?

आमची मागणी: तेच बोअरवेल दरवर्षी पावसाळ्याआधी व नंतर, गावकऱ्यांसमोर तपासा. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर गुजरातीत लावा (इथे मराठीचा आग्रह नको, शेजारीही तेच पाणी पितात). मते मागायला येणाऱ्यांना आपण हेच विचारू.