पहिल्या घंटेपूर्वी

शाळा केव्हा सुरू होते, असे कोणी विचारले तर आपण सहज सांगू की, पहिल्या दिवशी घंटा वाजते तेव्हा. परंतु ज्यांनी एखादी शाळा शून्यातून उभी केली आहे, त्यांना हे उत्तर पटणार नाही. त्यांच्या लेखी शाळा त्यापूर्वी वर्षभर तरी सुरू झालेली असते. जागा शोधावी लागते, मुख्याध्यापक नेमावा लागतो, बाके, फळे व पुस्तके आणावी लागतात, घरोघर जाऊन पालकांची समजूत घालावी लागते. हा सारा खर्च पटावर एकही नाव नसताना करावा लागतो. तो कोणी करावा? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु अमेरिकेतील चार्टर शाळांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचे मोल ध्यानात येते.

चार्टर शाळा म्हणजे सनदी शाळा. ही शाळा सरकारी पैशावर चालते, तिच्यात फी घेतली जात नाही. मात्र तिचा कारभार नेहमीच्या स्थानिक शिक्षणमंडळाकडे नसून एका स्वतंत्र संचालकमंडळाकडे असतो. सनद देणारी संस्था ठरावीक मुदतीची सनद देते. अमुक इतके स्वातंत्र्य घ्या, अमुक इतके शिकवून दाखवा, न जमल्यास सनद परत करा, असा हा करार असतो. अर्ज जागांपेक्षा अधिक आले तर मुलांची निवड सोडत काढून करावी लागते. या कल्पनेचे जनकत्व मॅसॅच्युसेट्समधील रे बडी या प्राध्यापकांकडे जाते. १९८८ साली शिक्षकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष आल्बर्ट शँकर यांनी तिचा जाहीर पुरस्कार केला. होतकरू शिक्षकांनी एकत्र यावे आणि नवे प्रयोग करावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पुढे त्यांचाच तिच्याविषयी भ्रमनिरास झाला, ही गोष्ट निराळी. १९९१ साली मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि १९९२ साली सेंट पॉल या शहरात पहिली सनदी शाळा उघडली. ती शाळा अर्ध्यावर शिक्षण सोडून गेलेल्या मुलांसाठी होती, हे विसरून चालणार नाही.

आता मूळ अडचणीकडे वळू. या शाळांना राज्याकडून पैसा मिळतो तो दर विद्यार्थ्यामागे. मूल आले म्हणजे पैसा येतो. पण शाळा सिद्ध झाल्यावाचून मूल यावे कसे? ज्याच्या पाठीशी धनिक देणगीदार आहे, तो हा काळ निभावून नेईल. गरीब वस्तीतील चार शिक्षकांनी काय करावे? हे कोडे सोडविण्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९४ साली, १९६५ च्या शिक्षण कायद्यात दुरुस्ती करून, सनदी शाळांसाठी स्वतंत्र अनुदान योजना सुरू केली. पहिल्या वर्षाची तरतूद सुमारे ६० लाख डॉलरची होती. २०२५ साली ती ४४ कोटींवरून ५० कोटी डॉलरवर नेण्यात आली. २०२१-२२ च्या सुमारास देशात ७,८०० च्या आसपास सनदी शाळा होत्या आणि त्यांत ३७ लाख मुले शिकत होती.

या अनुदानाची घडण समजून घेण्याजोगी आहे. २०१५ च्या कायद्याप्रमाणे योजनेतील बहुतांश पैसा राज्यपातळीवरील संस्थांना मिळतो. त्यांनी आपल्या अनुदानापैकी निदान ९० टक्के रक्कम शाळा उघडण्यासाठी, यशस्वी शाळेची दुसरी शाखा काढण्यासाठी किंवा चालू शाळेत नवे वर्ग जोडण्यासाठी वाटावयाची असते. निदान ७ टक्के रक्कम मार्गदर्शनासाठी व सनद देणाऱ्यांच्या देखरेखीचा दर्जा सुधारण्यासाठी खर्चावी लागते. आपल्या कारभारावर त्यांना ३ टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. शाळेला मदत मिळते ती फार तर पाच वर्षे, आणि त्यांपैकी पूर्वतयारीसाठी फार तर अठरा महिने. नंतर शाळेने आपल्या पायांवर उभे राहावयाचे. हे अनुदान म्हणजे बियाणे आहे, रोजची भाकरी नव्हे.

बियाणे सारे उगवतेच असे नाही. अनुदान घेतलेल्या काही शाळा थोड्याच वर्षांत बंद पडल्या. काहींचे तर दारही उघडले नाही. विस्ताराचा पैसा एकाच संस्थेच्या अनेक शाळा चालविणाऱ्या मोठ्या व्यवस्थापनांकडेही जाऊ लागला, आणि चार शिक्षकांच्या प्रयोगाची मूळ कल्पना मागे पडली. जुन्या शाळांचीही तक्रार आहे, आणि ती पोकळ नाही. वर्गातील तीस मुलांपैकी चार नव्या शाळेत गेली तर त्या चौघांमागचा पैसा जातो. पण शिक्षकाचा पगार, छपराची डागडुजी आणि थंडीतील इंधन यांचा खर्च तेवढाच राहतो. म्हणूनच २०२२ साली केंद्र सरकारने असे नियम केले की, नव्या शाळेची त्या वस्तीला गरज काय, हे अर्जदाराने सांगावे आणि नफा कमावणाऱ्या व्यवस्थापनाशी करार असल्यास तो उघड करावा.

मग फळ काय मिळाले? स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधनकेंद्राने २००९ साली सोळा ठिकाणच्या सनदी शाळा तपासल्या. गणितात १७ टक्के शाळा शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस ठरल्या, ३७ टक्के उण्या ठरल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चित्र पालटले. सनदी शाळांतील मुले वर्षाकाठी वाचनात सुमारे १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे आढळली. आघाडी बेताची आहे, पण खरी आहे. हा चमत्कार नव्हे आणि फसवणूकही नव्हे.

आपल्याकडे अनुदानाची कल्पना नवी नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून खाजगी शाळेला सरकारी साहाय्य देण्याची प्रथा येथे रुजली. परंतु महाराष्ट्रातील विनाअनुदानित शाळांचा अनुभव अमेरिकेच्या नेमका उलट आहे. येथे शाळा आधी उभी राहते, आणि अनुदान मागाहून २० टक्के, ४० टक्के असे टप्प्याटप्प्याने येते. मधली वर्षे शिक्षक पगारावाचून किंवा तुटपुंज्या मानधनावर काढतो. तेथे आरंभाचा धोका सरकार पत्करते; येथे तो शिक्षकाच्या घरातील चूल पत्करते. यातली कोणती रीत अधिक न्याय्य, हे सांगावयास मोठ्या पांडित्याची गरज नाही.

तथापि आरंभी पैसा देणे हे अर्धेच कर्तव्य होय. ज्या दिवशी सार्वजनिक पैसा शाळेत शिरतो, त्याच दिवशी सार्वजनिक दृष्टीही तेथे पोहोचली पाहिजे. बुडालेले अनुदान हिशेबाच्या वहीत खर्ची घालता येते. पण वर्षाच्या मध्यावर बंद पडलेल्या शाळेतून हाती दाखला घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाचे काय? त्याचे ते वर्ष कोणत्याही तरतुदीतून भरून देता येत नाही. पहिल्या घंटेपूर्वी जो पैसा देतो, त्याने शेवटच्या घंटेपर्यंत लक्ष ठेवले पाहिजे.