शिक्षकाचा लॅपटॉप



यवतमाळ, वणी, पुसद येथील सुशिक्षित घरांतून हल्लीं एक प्रश्न वारंवार कानीं येतो. मुलगी अथवा सून शिक्षणसेवक म्हणून रुजू झाली. आतां तिनें लॅपटॉप कोणता घ्यावा? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु २०२३ पासून प्राथमिक शिक्षणसेवकाचें मानधन दरमहा १६,००० रुपये व माध्यमिकाचें १८,००० रुपये ठरलें आहे. म्हणजे बऱ्यापैकीं यंत्रापायीं दोन-तीन महिन्यांची कमाई खर्ची पडते, आणि निवड फसली तर दुसरें यंत्र घेण्याची ऐपत लवकर येत नाहीं. आमच्या वेळीं खडू व फळा यांवर भागत असे, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तो येथेंच आवरतों.

दुकानदार प्रथम प्रोसेसरचें नांव घेतो. माझें मत असें कीं, शिक्षकाच्या कामांत अडचण होते ती सहसा प्रोसेसरची नव्हे. एका खिडकींत बालभारतीचें पाठ्यपुस्तक, दुसरींत गुणांचा तक्ता, तिसरींत पालकांशीं व्हिडिओवरील बोलणें, शिवाय ब्राउझरची दहाबारा पानें. हीं सारीं एकाच वेळीं उघडीं राहतात तीं रॅम नांवाच्या तात्पुरत्या स्मृतींत. रॅम म्हणजे मास्तरांचें टेबल. तें भरलें कीं एक वही कपाटांत ठेवावी तेव्हां दुसरी काढावी, अशी धांवपळ सुरू होते, आणि यंत्र रेंगाळतें तें या धांवपळीनें. ८ जीबी रॅमवर कसेंबसें निभतें. १६ जीबी असावी, निदान पुढें वाढवितां येण्याजोगी जागा आंत असावी. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, हें आधींच विचारावें. कपाट मात्र एसएसडीचेंच हवें, फिरत्या चकतीचें नको.

जुन्या मालाविषयीं थोडें विस्तारानें सांगतों, कारण फसगत येथेंच अधिक होते. मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले लॅपटॉप डागडुजी होऊन स्वस्तांत मिळतात, व त्यांतले कित्येक मजबूत असतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला; आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. तेव्हां 'आय-७' हें भारदस्त नांव वाचून भुलूं नये. अशा जुन्या यंत्रांत त्यापुढील चार आंकडी संख्येचा पहिला आंकडा बहुधा पिढी सांगतो: ८२५० म्हणजे आठवी, ६२०० म्हणजे सहावी. सहाव्या पिढीच्या आय-७ पेक्षां आठव्या पिढीचा आय-५ मी बेलाशक पत्करीन.

झरी-जामणीकडील शाळेंत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. बॅटरीची शक्ति वॉट-तासांत लिहिलेली असते. साध्या कामास यंत्र १० वॉट ओढतें असें धरलें, तर ५० वॉट-तासांची बॅटरी पांच तास पुरावी. व्हिडिओ चालविल्यास कमी. उष्णतेनें लिथियम बॅटरीचें आयुष्य घटतें, म्हणून आमच्याकडील मे महिन्यांत लॅपटॉप उन्हांतल्या मोटारींत ठेवूं नये.

प्रोजेक्टरसाठीं एचडीएमआयची खांच आहे ना, तें पाहावें. मराठी टंकलेखनाकरितां निराळें कांहीं विकत घेण्याचें कारण नाहीं. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येंच असतो. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्यें लिहावी, म्हणजे ती दुसऱ्याच्या यंत्रावर अगम्य होत नाहीं.

पैसे देण्यापूर्वीं दुकानांतच चार्जर काढून, वर सांगितलेल्या साऱ्या खिडक्या एकदम उघडून, पंधरा मिनिटें यंत्र वापरून पाहावें. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरूं द्यावें. आणि वॉरंटीची दुरुस्ती यवतमाळांत होते कीं यंत्र नागपूरला पाठवावें लागतें, हेंही तेव्हांच विचारावें. ऐन परीक्षेच्या दिवसांत गुणांचे तक्ते यंत्रासह नागपुरांत अडकून पडले, तर मुख्याध्यापक वाट पाहत नाहींत.