आडनाव विचारलं की बोलणं का अडतं?

(पुण्यात शिकणाऱ्या आदिवासी मुलामुलींच्या बैठकीतील भाषण. गावच्या बैठकीत वाचून दाखवावे.)



गावाकडची मंडळीपण आज इथे बसली आहेत, म्हणून आम्ही साध्या भाषेत बोलतो.

पुण्यात भेदभावावर बोलणं नवीन नाही. जोतिबा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तिकडचा रंगभेद आणि इकडचा जातिभेद एकाच मुळाचा, हे या शहरातल्या माणसाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ओळखलं. आजही इथली शिकलेली माणसं मंडेलांबद्दल तासभर आपुलकीने बोलतात. पण खोली भाड्याने द्यायच्या आधी आमचं आडनाव आणि जात का विचारता, असं म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. लांबच्या अन्यायावर बोलणं सोपं असतं. त्यात आपल्या हातातलं काही सोडावं लागत नाही.

बोलणं बंद पाडायच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. एक, "गंमत केली, मनाला लावून घेऊ नका." दुसरी, "आम्ही जात मानत नाही, तुम्हीच काढता." तिसरी, "तू आदिवासी वाटत नाहीस," म्हणजे तारीफ पण आपली आणि अपमान पण आपलाच. चौथी, "तुम्ही काय, सरकारचे जावई." आता सांगा, घाव कुणाला लागला आणि समजूत कुणाची काढायची? आपण काढायची! ज्याने शब्द टाकला तो रुसून बसतो.

आपल्या बाजूनेही अडतं. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचीच सही दाखल्यावर हवी असते. स्कॉलरशिप त्याच्या टेबलावर, खोली त्याच्या मालकीची. मग पोरगी गप्प बसते. तिला कुणी भित्री म्हणू नये. एकट्या माणसाला बोलणं परवडत नाही, म्हणून तर संघटना आहे.

पण मुख्य कारण जमिनीत आहे. १८७८ च्या इंग्रजांच्या कायद्याने मोठी जंगलं सरकारची झाली. पिढ्यानपिढ्या तिथे नाचणी-वरई पिकवणारा 'अतिक्रमणदार' ठरला. माणूस अडाणी, जंगली, त्याला जंगल राखता येत नाही, असं आधी म्हणायचं आणि मग जंगल काढून घ्यायचं. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणात आपल्या लोकांची शेतं बुडाली, पाणी कालव्याने खाली गेलं. 'जंगली' हा शब्द चुकीचा होता असं एकदा कबूल केलं, तर पुढचा प्रश्न येतोच: मग जमीन कशी घेतली? तो प्रश्न येऊ नये म्हणून पहिल्याच शब्दाला बोलणं तोडतात.

इथे क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संग्रहालय आहे. आपले मुखवटे, दागिने, हत्यारं तिथे मांडलेली आहेत. लोक कौतुकाने बघतात. काचेतला आदिवासी सगळ्यांना आवडतो, कारण तो सातबारा मागत नाही.

मग करायचं काय? कुणाच्या मनात काय आहे यावर वाद घालू नका, त्याला अंत नाही. काय झालं ते धरा: काय बोलला, कुणासमोर, कोणत्या तारखेला, काय नाकारलं. त्याच दिवशी लिहून ठेवा. दोघं-तिघं मिळून जा आणि उत्तर लेखी मागा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्यासाठी आहे, तो गावात वाचून दाखवा. जो मनापासून ऐकायला येईल त्याला बसवा, चहा पाजा, पण प्रश्न मवाळ करू नका.

आणखी एक. कातकरी भाऊ उठून म्हणाला, "पंगतीत मला कडेला का बसवता?" तर आपल्यातल्या कुणी "गंमत केली" म्हणायचं नाही. पुण्यातल्या माणसाकडून जे ऐकून घेणं मागतो, तेच आधी पाड्यावर दिसलं पाहिजे.

१९४६ साली दिल्लीत घटना समितीत जयपालसिंह मुंडा उभे राहिले आणि आपल्याला जंगली असण्याचा अभिमान आहे असं भर सभेत म्हणाले. ज्या शब्दाने मान खाली घालायला लावतात, तो त्यांनी मान वर करून उच्चारला. आपणही आडनाव विचारलं की मोठ्याने सांगायचं. गाव सांगायचं. आणि लगेच विचारायचं, आमची जमीन कुठाय?

जिंदाबाद!