हेवी म्हणजे मोठा आवाज नव्हे

भिगवणहून बोलतोय. मेटल ऐकणाऱ्या माणसाला दोन प्रश्न कायम येतात. पहिला, सुरुवात कुठून करू? दुसरा प्रश्न कमी आणि टोमणा जास्त असतो: त्या आरड्याओरड्यात एवढं आहे तरी काय? आज दोन्हींचं उत्तर एकदमच देतो. अल्बम, सिनेमे आणि पुस्तकं. सगळी माझी मतं आहेत, पटली नाहीत तर भांडा.

आधी मोजपट्टी सांगतो. हेवी म्हणजे जड. वरातीत डीजेची भिंत लागली की घराच्या काचा थरथरतात. तो आवाज मोठा असतो, पण बंद केला की संपला. जड ते, जे बंद झाल्यावरही छातीवर बसून राहतं. आता या मोजपट्टीने बघू.

पहिला अल्बम, ब्लॅक सॅबथचा पहिलाच. नावही तेच, ‘ब्लॅक सॅबथ’, फेब्रुवारी 1970. सुरुवातीला पाऊस, ढगांचा गडगडाट, लांबवर घंटा. मग गिटारवर फक्त तीन सूर, अगदी सावकाश. दोन ‘सा’, खालचा आणि वरचा, आणि मग तीव्र मध्यम. हाच तीव्र म यमनमध्ये गोड लागतो, इथे अंगावर काटा आणतो. स्पीड नाही, किंचाळणं नाही. तरी पन्नास वर्षांनंतर ते गाणं जड ते जडच. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी.

आणि याच्यासोबत पहिलं पुस्तक वाचा: गिटारिस्ट टोनी आयोमीचं आत्मचरित्र, ‘आयर्न मॅन’. बर्मिंगहॅमचा कामगार पोरगा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे 1971च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये तारा सैल करून सूर आणखी खाली नेला. आज जगभरचे बँड जो खालचा, जाड आवाज काढतात, त्यामागे एका कामगाराची दुखरी बोटं आहेत. आपल्याकडे पेपर मिल आहे, आजूबाजूला साखर कारखाने आहेत. शिफ्टचा भोंगा ऐकत वाढलेल्या पोराला हे पुस्तक परकं वाटणार नाही.

दुसरा अल्बम मुद्दाम उलट्या बाजूचा घेतो. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’, 2008. गाणी चांगली आहेत, पण आवाजाची वाट लावलीय. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अशा गोष्टी फाइल उघडून बघायची खोड असते. कुठल्याही ऑडिओ ॲपमध्ये याची वेव्हफॉर्म बघा, डोंगर-दऱ्या दिसतच नाहीत, विटांची सपाट भिंत दिसते. सगळंच इतकं वर नेलंय की टोकं कापली गेलीत आणि ड्रमचा ठोका फाटतो. गंमत म्हणजे ‘गिटार हिरो’ या गेममध्ये हीच गाणी कमी दाबलेल्या आवाजात आली आणि फॅन लोकांना तीच जास्त आवडली. कारण सोपं आहे. हळू काही उरलंच नाही, तर मोठ्याला मोठं कशाच्या तुलनेत म्हणायचं?

तिसरा आपल्या मुंबईचा. डिमॉनिक रेझरेक्शनचा ‘दशावतार’, 2017. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. मेहनत जबरदस्त आहे, वाजवलंय तर एकच नंबर. पण माझं मत विचाराल तर, पुराणातलं नाव दिलं म्हणून मेटल आपलं होत नाही. त्यापेक्षा मुंबईच्याच स्क्राइबचा 2010चा ‘मार्क ऑफ तेजा’ मला जास्त घरचा वाटतो. ‘अंदाज अपना अपना’मधल्या तेजाला मेटल अल्बमच्या नावात बसवणं परदेशातल्या बँडला सुचणारच नाही.

आता सिनेमे. ‘साउंड ऑफ मेटल’, 2019. मेटल बँडच्या ड्रमरला ऐकू येईनासं होतं. त्याला जेवढं आणि जसं ऐकू येतं, तेवढंच आपल्याला ऐकवलंय, म्हणून हेडफोन लावूनच बघा. साउंडचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. शेवट सांगत नाही, पण तिथली शांतता कुठल्याही ब्रेकडाउनपेक्षा जड आहे. आणि जाता जाता, जागतिक आरोग्य संघटना सांगते की 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतं, 90 डेसिबलला फक्त 4 तास. इअरफोन फुल्ल करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी बोलतोय. मेटल म्हातारपणीही ऐकायचंय ना?

दुसरा सिनेमा ऐकून हसाल: ‘सैराट’, 2016. नागराज मंजुळे पलीकडच्या जेऊरचे, आपल्याच रेल्वे लाइनवरचे. अख्खा सिनेमा गाण्यांनी दणाणून सोडला, लॉस एंजलिसच्या स्टुडिओत ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. आणि शेवटी? ते लेकरू रडत बाहेर येतं आणि आवाजच नाही. थिएटरमध्ये झिंगाटवर नाचलेली पोरं त्या वेळी जागेवर गप्प होती. माझ्या मोजपट्टीने मराठीतला सगळ्यात हेवी क्षण तोच.

दुसरं पुस्तक, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, 1972. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. ढसाळ टॅक्सी चालवायचे, मुंबईच्या ज्या वस्तीबद्दल लिहिलं तिथलेच होते. मेटलवाले मृत्यू, रक्त, नरक यावर लिहितात, पण बऱ्याचदा तो नरक कुठल्या तरी सिनेमातून उचललेला असतो. ढसाळांचा नरक पत्त्यासकट आहे. ज्याला मेटलची गाणी लिहायचीत, त्याने आधी हे वाचावं. शिव्या मोजत बसू नका, त्या शिव्यांमागचा राग बघा.

आता माझा मुद्दा. आपल्या भागातून असा अल्बम का येत नाही? विषय शोधायला नॉर्वेला जायची गरज नाही. 1980ला उजनी धरण पूर्ण झालं, भीमेच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. घरं, पार, शेतं, देवळं. दुष्काळात पाणी उतरलं की पळसदेवला पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं, आणि लोक बघायला जातात. पाऊस झाला की पुन्हा बुडतं. हिवाळ्यात त्याच पाण्यावर फ्लेमिंगो उतरतात, आपण पाहुण्यांना होडीतून फिरवतो, फोटो काढतो. खाली कुणाचं तरी अंगण आहे, हे फोटोत येत नाही. डूम मेटलला यापेक्षा जड काय पाहिजे?

वाद्यंही आहेत. संबळ आहे, हलगी आहे. हलगीचा कडकडाट ज्याने जत्रेत जवळून ऐकलाय, त्याला डबल बेसचं फार कौतुक सांगू नये. फक्त एक करा, फ्यूजनच्या नावाखाली मध्ये दहा सेकंद हलगी चिकटवू नका. गाणं तिच्यावरच उभं करा. आणि शब्द मराठीत, आपल्या घरात बोलतात त्या मराठीत.

मला स्वतःला गिटार बेताचीच येते. पण रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं काम मी करू शकतो, लॅपटॉप आहे, वीकेंड मोकळा असतो. दौंड, इंदापूर, बारामती, करमाळा, जिथून ऐकत असाल तिथून, कुणाकडे शब्द असतील, कुणी हलगी वाजवत असेल, तर मेसेज करा. आणि घरात आजी-आजोबा धरणाआधीच्या गावात राहिलेले असतील, तर त्यांना विचारून ठेवा की त्या गावात रात्री कसले आवाज यायचे. पहिलं गाणं तिथूनच सुरू करू.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. आणि तो आवाज जरा कमी करा.